विळखा! (अजगर शिकार करतो तरी कशी?)

हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी 'अजगर' असतो. रविवारी मेसमध्ये श्रीखंड-पुरी हाणून दुपारी एकला जो आडवा होतो, तो थेट रात्रीच्या जेवणालाच उठतो, तो! मी स्वतः लोकलाइट, घर लालबागला. पण सबमिशनच्या नावाखाली माझा निम्मा आठवडा हॉस्टेलवरच जातो, त्यामुळे या जातीच्या अजगरांचा माझा अभ्यास दांडगा आहे. आज मात्र लिहायचंय ते खऱ्या अजगराबद्दल.

आधीच सांगतो, माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठीत एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितोय. शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तर पोटात घाला... अजगर बोकड घालतो तशा! आणि कॉम्प्युटरवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये, हा लेख पायथन लँग्वेजवर नाही. (त्या लँग्वेजचं नाव सापावरून पडलेलंच नाही. ते 'मॉन्टी पायथन' नावाच्या विनोदी कार्यक्रमावरून ठेवलंय.)

हे वेड मला लागलं ते 'का' मुळे. 'का' म्हणजे 'जंगल बुक'मधला अजगर. डिस्नेच्या १९६७ च्या सिनेमात तो डोळे गरगर फिरवून मोगलीला गुंगवतो आणि गिळायला बघतो. पुढे शाळेच्या लायब्ररीत मूळ पुस्तक वाचलं तेव्हा कळलं की किपलिंगचा 'का' व्हिलन नाहीच. उलट माकडांच्या तावडीतून मोगलीला सोडवायला तोच येतो. आणि हा किपलिंग आपला मुंबईकर बरं का! १८६५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला. त्यानंतर टीव्हीवर 'अ‍ॅनाकोंडा' (१९९७) पाहिला. मग डिस्कव्हरी, नॅशनल जिओग्राफिक, जे मिळेल ते. बारावीपर्यंत मी घरातला 'सापवाला' झालो होतो. या अर्ध्यामुर्ध्या ज्ञानाने एकदा घरातल्या एकाच्या जिवाशी खेळ झाला. तो किस्सा शेवटी सांगतो, आधी अजगर.

नावातच सगळं आलं

'अज' म्हणजे बोकड आणि 'गर' म्हणजे गिळणारा. बोकड गिळणारा तो अजगर. आपल्याकडे सापडतो तो भारतीय अजगर, शास्त्रीय नाव पायथॉन मोलुरस. साधारण १० फुटांपर्यंतचे जास्त दिसतात, त्याहून बरेच मोठेही होतात. जगात सगळ्यात लांब आग्नेय आशियातला जाळीदार अजगर आणि सगळ्यात वजनदार दक्षिण अमेरिकेतला हिरवा अ‍ॅनाकोंडा. हे सगळे बिनविषारी. विष नाही, पंजे नाहीत, पाय नाहीत. (नाही म्हणायला, शेपटीजवळ मागच्या पायांची दोन नखं अजून शिल्लक आहेत!) म्हणजे निसर्गाने त्याला दिलेला डिझाइन प्रॉब्लेम असा: हातात एकही टूल नाही, फक्त एक जाड दोर आहे. आता स्वतःएवढ्या ताकदीचा प्राणी पकडून दाखव.

वाट बघणं हेच काम

अजगर सहसा भक्ष्याच्या मागे धावत नाही. उंदीर, ससे, पक्षी, माकडं, हरणाची पाडसं जिथून ये-जा करतात तिथे तो पडून राहतो. पाणवठ्याजवळ, पालापाचोळ्यात, कधी झाडावर. अंगावरची नक्षी अशी की पाचोळा कुठे संपतो आणि साप कुठे सुरू होतो ते कळत नाही.

अंधारात त्याला दिसतं कसं? नुसत्या डोळ्यांवर त्याचं भागत नाही. दुभंगलेली जीभ बाहेर काढून तो हवेतले वासाचे कण गोळा करतो आणि टाळूतल्या एका खास अवयवाकडे पोचवतो. शिवाय त्याच्या ओठांच्या कडेला बारीक खळगे असतात. हे चक्क उष्णतेचे सेन्सर! गरम रक्ताचा प्राणी समोरून गेला की त्याच्या अंगातून निघणारी इन्फ्रारेड उष्णता या खळग्यांना जाणवते. २०१० साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की या कामासाठी सापांच्या नसांमध्ये 'ट्रिपए-१' नावाचं प्रोटीन वापरलं जातं. गंमत म्हणजे तेच प्रोटीन तुमच्या-आमच्यातही आहे. फक्त आपल्यात त्याचं काम वेगळं: मोहरीचा झणका, वासाबीचा ठसका जाणवून देणं. आपल्या नाकातोंडात ज्याने पाणी येतं, त्याच पार्टावर अजगर अंधारात उंदीर शोधतो.

टप्प्यात आलं की झडप. ती इतकी झटपट की आपलं पापणी मिटून उघडेपर्यंत काम झालेलं असतं. दात सुईसारखे आणि सगळे मागे वळलेले. भक्ष्याने सुटायला ओढ घेतली की ते आणखी रुततात. मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आत जाता येतं, बाहेर नाही. आणि त्याच क्षणी अंगाचे वेढे पडायला लागतात.

श्वास कोंडतो की...?

इथे आपल्या सगळ्यांची एक समजूत असते, माझीही होती. अजगर आवळतो, हाडांचा चुरा होतो, श्वास कोंडतो आणि प्राणी मरतो. हाडांचं तर सोडूनच द्या, ती मोडणं हा त्याचा उद्देशच नसतो. पण श्वासाचं काय? पुस्तकांमध्येही वर्षानुवर्षं हेच छापलं जात होतं. शंका अशी की, श्वास कोंडून मरायला काही मिनिटं लागतात. अजगराच्या विळख्यात उंदीर त्याच्या कितीतरी आधी थंड पडतो. मग १९९४ साली डेव्हिड हार्डी या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं की हे प्रकरण फुफ्फुसाचं नाही, हृदयाचं असावं.

हे कसं, ते समजायला आमच्या चाळीत या. सकाळची पाण्याची वेळ. वरच्या टाकीसाठी मोटार लावलेली आहे, तिचा घूं घूं आवाज येतोय, पण वर थेंब नाही. लगेच कुणीतरी ओरडतं, "अरे, मोटार हवा धरतेय, बंद करा!" मोटारीत बिघाड नाही. खालून तिच्यात पाणीच येत नाहीये. पंप कितीही चांगला असो, सक्शन लाईन बंद असेल तर डिलिव्हरी शून्य. फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायव्हात हे सगळ्यांनी सांगितलंय.

हृदय म्हणजे पंपच. डॉक्टर मोजतात तो १२०/८० हा दाब डिलिव्हरीचा, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. पण अंगभर फिरून हृदयाकडे परत येणाऱ्या रक्ताचा दाब १० मिलिमीटरच्याही आत असतो. म्हणजे फार तर तेरा-चौदा सेंटीमीटर उंचीच्या पाण्याचा दाब! त्या शिरांच्या भिंतीही पातळ. तिथे बाहेरून जोरात आवळलं तर आधी काय बंद पडेल? सक्शन लाईन. आणि मोठ्या अजगराचा विळखा तर डिलिव्हरीच्या दाबालाही भारी पडू शकतो.

२०१५ साली अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजच्या स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. भूल दिलेल्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांत बारीक नळ्या आणि छातीला ईसीजीच्या तारा लावून ते बोआ सापांना दिले. विळखा पडल्यापासून काही सेकंदांतच धमनीतला दाब कोसळला आणि हृदयाजवळच्या शिरांत रक्त तुंबून तिथला दाब चढला. हृदयाचे ठोके मंदावले, मग ताल बिघडला. रक्तातलं पोटॅशियम वाढलं, आम्लता वाढली. थोडक्यात पंप चालू, पण पाणी बंद.

मेंदूला रक्त मिळालं नाही तर माणूससुद्धा दहाएक सेकंदांत शुद्ध हरपतो. म्हणून विळख्यात ताकदीचा उपयोग होत नाही. महाभारताच्या वनपर्वात अजगर झालेला राजा नहुष भीमाला धरतो, ही गोष्ट आजीकडून ऐकली असेल. दहा हजार हत्तींचं बळ असलेला भीम हलूसुद्धा शकत नाही, शेवटी युधिष्ठिर येऊन प्रश्नांची उत्तरं देतो तेव्हा त्याची सुटका होते. गोष्टीत त्याचं कारण नहुषाला मिळालेला वर आहे. पण मला नेहमी वाटतं, ही गोष्ट रचणाऱ्याने कधीतरी खरा विळखा बघितला असणार. स्नायू कितीही असोत, त्यांना रक्तच पोचत नसेल तर ते करणार काय?

कंट्रोल सिस्टिमचा पेपर

आवळणं हे फुकटचं काम नाही. त्यात अजगराची भरपूर शक्ती जाते, शिवाय तेवढा वेळ तो स्वतः उघड्यावर सापडलेला असतो. लवकर सोडलं तर उंदीर उठून चावणार, उशिरा सोडलं तर शक्ती वाया. मग थांबायचं कधी?

याच गटाने २०१२ साली एक भन्नाट प्रयोग केला होता. त्यांनी मेलेले उंदीर घेतले, ते गरम केले आणि त्यांच्यात नकली हृदय बसवलं, पाण्यावर चालणारं, ठोके देणारं. 'ठोके' चालू असले की बोआ जास्त वेळ आणि जास्त जोराने आवळत राहायचे. मधेच ठोके बंद केले की थोड्या वेळात विळखा सैल! म्हणजे अजगराच्या या भाऊबंदांना भक्ष्याचं हृदय आपल्या अंगाच्या कातडीतून जाणवतं. सेन्सर, फीडबॅक, करेक्शन... हा क्लोज्ड लूप नाही तर काय? आणि जे साप पिंजऱ्यातच वाढले होते, ज्यांनी जिवंत भक्ष्य कधी मारलंच नव्हतं, तेसुद्धा तसेच वागले. कुणी शिकवलं नाही, कुणी पाठ करून घेतलं नाही. (आमच्यासारखं आदल्या रात्री तर नाहीच नाही.)

आणखी एक प्रश्न मला छळायचा. आवळताना त्याच्या स्वतःच्या बरगड्याही दाबल्या जातात. मग तो श्वास कसा घेतो? याचं उत्तर २०२२ मध्ये मिळालं. संशोधकांनी बोआच्या अंगाभोवती रक्तदाब मोजायचा पट्टा आवळला आणि एक्स-रेने बरगड्या बघितल्या. पट्ट्याखालच्या बरगड्या थांबल्या, तर सापाने लगेच दुसऱ्या भागातल्या बरगड्यांनी श्वास सुरू केला. जिथे काम चालू तिथला श्वास बंद, बाकीच्या लाईनवर सप्लाय चालू!

एवढं मोठं जातं कसं?

'अजगर जबडा निखळवतो' हेही खरं नाही. काही निखळत नाही. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे हनुवटीशी हाडाने जोडलेलेच नाहीत, मधे ताणली जाणारी पेशीबंधनं आणि कातडी आहे. जबडा कवटीला जोडणारं हाडही लांब आणि हलतं आहे. मग तो डावी बाजू पुढे सरकवतो, दात रुतवतो, मग उजवी, मग पुन्हा डावी. खरं तर अजगर भक्ष्य गिळत नाही, स्वतःच त्याच्यावर चालत जातो! सहसा डोक्याकडून सुरुवात, म्हणजे पाय आणि केस आपोआप मागे दुमडतात. आणि एवढा बोळा तोंडात असताना गुदमरत कसा नाही? श्वासनळीचं तोंड तो जिभेखालून नळीसारखं बाहेर काढतो.

पुढचं काम पोटाचं. ब्रह्मदेशी अजगरावर यावर खूप संशोधन झालंय. हा आपल्या अजगराचा सख्खा भाऊ, २००९ पर्यंत दोघांना एकाच जातीत मोजायचे. मोठं जेवण झालं की त्याच्या शरीराचं इंजिन नेहमीच्या कितीतरी पट वेगाने चालू होतं. आतडं वाढतं, यकृत वाढतं आणि हृदयाचे स्नायू ४८ तासांत सुमारे ४० टक्के वाढतात, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. जेवण पचलं की सगळं पुन्हा पहिल्यासारखं. त्यानंतर तो कित्येक आठवडे, कधी महिनोन् महिने न खाता राहू शकतो.

म्हणजे पडून राहिलेला अजगर आळशी नसतो. एक तर तो शिकारीवर असतो, नाहीतर त्याची फॅक्टरी फुल लोडवर चालू असते. अशा भरल्या पोटाच्या अजगराला लोकांनी काठीने डिवचलं तर तो गिळलेलं बाहेर टाकतो, कारण पोट रिकामं केल्याशिवाय त्याला पळता येत नाही. 'अ‍ॅनाकोंडा' सिनेमात बाहेर टाकलेला माणूस डोळा मारतो, तसं काही होत नाही. बाहेर येतं ते मेलेलं जनावर, आणि सापाची महिन्याची कमाई मातीत जाते. हॉस्टेलच्या अजगराला दुपारी उठवण्याआधी हे लक्षात ठेवा.

मुंबईतला अजगर

तुम्ही म्हणाल, हे सगळं जंगलातलं. नाही! २०२० च्या सप्टेंबरमध्ये चुनाभट्टीजवळ, भर ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, जवळजवळ १० फुटी अजगर गाडीच्या चाकात अडकला होता. वाहतूक थांबली, बघ्यांची गर्दी झाली, शेवटी त्याला सोडवून नेलं. आपल्या शहराच्या पोटात १०० चौरस किलोमीटरहून मोठं राष्ट्रीय उद्यान आहे, खाडीकाठी कांदळवन आहे, आणि उंदरांची तर कमतरताच नाही. परळचं हाफकिन आज आपण सापाच्या विषाशी जोडतो. पण ती संस्था जन्मली ती उंदरांमुळे! १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचं नाव मिळालं. उंदीर खाणारा प्राणी आपला शत्रू कसा, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि कायदाही त्याच्या बाजूने आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. त्याला मारणं, पकडणं, पाळणं हा गुन्हा आहे.

तो किस्सा

बारावीच्या वर्षी गणपतीला आजोळी गेलो होतो, सिंधुदुर्गात. संध्याकाळी खळ्याच्या कडेला, गडग्याजवळ मामेभावाला साप दिसला. दोन-अडीच फुटांचा, जाडसर, तपकिरी, अंगावर गडद ठिपके. वेटोळं करून शांत पडला होता. मामेभाऊ दहावीतला. त्याने मला हाक मारली, "दादा, बघ काय आहे!" मी बघितलं आणि एका सेकंदात निकाल दिला, "अजगराचं पिल्लू आहे रे. बिनविषारी असतं." तेवढ्यावर त्याने हात घातला.

घरातून मामा ओरडत आला, "रे मेल्या, सोड तिका! घोणस ती!" तोपर्यंत अंगठ्याला डंख झाला होता.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मामाने त्याला हलू दिलं नाही, हात फळीला सैलसर बांधला आणि शेजाऱ्यांच्या गाडीत घालून हॉस्पिटल गाठलं. तिथे डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत त्याचं रक्त घेतलं आणि ठेवून दिलं. २० मिनिटांनी नळी वाकडी केली. रक्त गोठलं नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं. घोणसीचं विष रक्ताची गोठायची शक्तीच काढून घेतं. मूत्रपिंडं बिघडतात ती वेगळीच. ती २० मिनिटं मी भिंतीला टेकून उभा होतो. मामी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. प्रतिविष दिलं, पुन्हा दिलं. नऊ दिवसांनी तो घरी आला. अंगठा अजून पूर्ण वळत नाही.

मला अजगराच्या ओठावरचे खळगे माहीत होते, हृदय ४० टक्के वाढतं हे माहीत होतं. पण त्याचं पिल्लू आणि घोणस यांतला फरक मात्र मी कधी बघितलाच नव्हता, कारण अमेरिकेच्या चॅनेलवर घोणस कोण दाखवतंय? आता पाठ आहे, तुम्हीही करा. घोणसीच्या अंगावर साखळीसारख्या तीन रांगांत गोलसर, गडद कडेचे ठिपके असतात, खवले खरखरीत, आणि ती चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. अजगराची नक्षी वेडीवाकडी, तुकड्यातुकड्यांची, अंग गुळगुळीत, चकचकीत, आणि डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण. त्यात तिसरी डुरक्या घोणस, ही बिनविषारी, आणि दोघांसारखी दिसणारी! म्हणून खरा नियम एकच: ओळखता येवो न येवो, हात लावायचा नाही. चावलाच तर घट्ट आवळपट्टी नको, ब्लेडने कापणं नको, चोखणं नको. तो हात किंवा पाय न हलवता सरळ हॉस्पिटल.

पावसाळ्यात आपल्या हॉस्टेलच्या मागच्या गवतात साप निघतोच. निघाला की वॉचमनकाकांना सांगा, लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन लावा. व्हिडीओ काढायचा तर दहा पावलं लांबून. आणि गर्दीत कुणी "अरे काही नाही रे, अजगराचं पिल्लू आहे" असं छातीठोकपणे म्हणाला, तर त्याला आधी मागे ओढा. मी तिथे असलो तर मलासुद्धा.

मामेभाऊ आता बारावीला आहे. परवा त्याचा फोन आला, विचारत होता, "दादा, मेकॅनिकल घेऊ का कॉम्प्युटर?" मी म्हटलं, "मला विचारू नकोस. आधी दोन-चार जणांना विचार." तो खूप हसला.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)